मॉरिशस: आठ दिवस पाहून आलो, आता तिथे राहायचं मनात आहे

अनुराधा_चिपळूण
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी ऑगस्टअखेर आम्ही दोघं मॉरिशसला आठ दिवस जाऊन आलो. ह्यांचं वय ६३, माझं ५९. दोघंही निवृत्त, मुलगी बंगळुरूला. समुद्र, धबधबे, सात रंगांची माती हे सगळं पाहिलंच. पण एका दुपारी पश्चिम किनाऱ्याच्या रस्त्यावर आमची टॅक्सी थांबली आणि समोरून गणपती आला. हिरव्या साड्यांतल्या बायका, खांद्यावर पोरं, ढोलकी, आणि आपलीच आरती! चाल जराशी संथ होती, शब्द तेच. मी गाडीतून उतरून त्यांच्यात मिसळले. एका आजींनी माझ्या हातावर प्रसाद ठेवला आणि मराठीत विचारलं, "तू कुठल्या गावची?" पुढे क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून आलेल्या तिथल्या बोलीत, काहीतरी म्हणाल्या, ते मला कळलं नाही.

तेव्हापासून मनात घोळतंय की वर्षातले काही महिने तिथे राहिलो तर? ज्यांनी तिथे दिवस काढलेत त्यांनी सांगा. प्रवास कंपनीच्या माहितीपत्रकात नसतं ते हवंय. गमतीची माहितीही चालेल, ह्यांना वहीत लिहून ठेवायचा नाद आहे.

दर्यावर्दी
ताई, वहीसाठी घ्या. देश सगळा मिळून सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या निम्म्याहून थोडा मोठा. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. स्वतःचं सैन्य नाही, पोलीस दलातलीच एक तुकडी ते काम बघते. स्वातंत्र्य १२ मार्च १९६८ ला मिळालं, आणि दांडी यात्रेचा दिवस म्हणून ती तारीख धरली. गांधीजी स्वतः १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना तिथे उतरले होते. पुढे त्यांच्याच सांगण्यावरून मणिलाल डॉक्टर नावाचे बॅरिस्टर १९०७ मध्ये तिथे गेले आणि मजुरांचे खटले लढले.

जहाजावर असताना राजधानी पोर्ट लुईला मी अनेकदा उतरलोय. बंदरातून वर बघितलं की लगेच डोंगर. इतकं देखणं बंदर हिंदी महासागरात मला दुसरं दिसलं नाही.

खवय्या_सातारकर
दालपुरी खाल्लीत का? नसेल तर पुन्हा जाणं भाग आहे. :)

सौदामिनी
आम्ही कात्र बोर्नला तीन वर्षं होतो, नवऱ्याची नोकरी एबेनच्या सायबर सिटीत होती. अनुराधाताई, तुम्ही ऑगस्टमध्ये गेलात म्हणजे तिथल्या हिवाळ्यात. ऋतू आपल्या उलटे. आपला गुलमोहर मे महिन्यात फुलतो, तिथला नाताळच्या सुमारास. रस्तेच्या रस्ते लाल होतात, त्याच दिवसांत लिची येते, आंबेही. डिसेंबर फार सुंदर असतो.

पण नोव्हेंबर ते एप्रिल हे चक्रीवादळाचे महिने. हवामान खातं इशारे देतं, एक ते चार. एक म्हणजे सावध व्हा. दोनला शाळा बंद. तीन लागला की सगळ्यांनी घरात, रस्ते रिकामे. चार म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत प्रत्यक्ष सुरू झालेत. पहिल्या वर्षी शेजारच्या बाईंनी मला शिकवलं: बादल्या भरून ठेव, मेणबत्त्या काढ, पाव आण, बाल्कनीतल्या कुंड्या आत घे. त्या घाईत ना आरडाओरडा, ना घबराट. गावाला पावसाळ्याआधी कौलं शाकारतात ना, तसं ते त्यांच्या अंगवळणी पडलंय.

तिथली घरं सपाट स्लॅबची आणि दिसायला साधी का, हा प्रश्न मलाही पडायचा. १९६० च्या फेब्रुवारीत कॅरोल नावाचं वादळ आलं, लाकडाची आणि पत्र्याची घरं उडून गेली, आणि त्यानंतर लोक सिमेंटकडे वळले. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल आलं तेव्हा राजधानीच्या रस्त्यांवरून मोटारी वाहत गेल्या. तेव्हा आम्ही तिथेच होतो. त्या दिवसाचा आवाज अजून कानात आहे.

निवृत्त_बँकर
आता पैशांकडे वळू. मी स्वतः राहत नाही, पण मित्राची कागदपत्रं मीच करून दिली, म्हणून सांगतो.

परदेशी निवृत्तांसाठी वेगळा रहिवासी परवाना आहे. वय ५० पूर्ण हवं आणि दरमहा ठरावीक रक्कम डॉलरमध्ये तिथल्या बँकेत आणावी लागते. २०२० च्या बदलांत ती महिना १,५०० डॉलर झाली होती आणि परवान्याची मुदत १० वर्षं. हे नियम अर्थसंकल्पागणिक हलतात, त्यामुळे अर्ज करायच्या आठवड्यातला आकडा त्यांच्या इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाकडूनच घ्यायचा. दुसरा मार्ग घर घेण्याचा: परदेशी लोकांसाठीच्या मान्यताप्राप्त प्रकल्पात किमान ३,७५,००० डॉलरचं घर घेतलं तर त्याबरोबर राहण्याची परवानगी येते. आपल्यासारख्या पेन्शनरांनी त्या वाटेला जायचं कारण नाही, भाड्याने राहावं.

इकडची बाजूही बघा. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेता येतात, म्हणजे मर्यादेची अडचण नाही. पण १० लाख रुपयांच्या वर गेलं की बँक आधीच कर कापून घेते. तो विवरणपत्रात वळता होतो, तोवर रोकड अडकते. याचा हिशेब आधी मांडा.

घर घ्यायचंच झालं तर व्यवहार नोटरीमार्फत होतो. आपल्याकडच्या नोटरीसारखा शिक्का मारण्यापुरता नव्हे. तिथला नोटरी खरेदीखत स्वतः करतो, बोजा आहे का ते तपासतो. दिवाणी कायदा फ्रेंच वळणाचा आहे, वारसांचे हक्कही त्याच वळणाने. मृत्युपत्र तिथल्या वकिलाला दाखवल्याशिवाय काही करू नका.

पुस्तकी_किडा
इंग्रजांच्या वसाहतीत फ्रेंच कायदा का, हे फार रंजक आहे. डच १५९८ मध्ये आले, त्यांच्या राजपुत्राच्या नावावरून बेटाला मॉरिशस म्हणू लागले, १७१० मध्ये सोडून गेले. मग फ्रेंच. ऑगस्ट १८१० मध्ये ग्रां पोर्टच्या उपसागरात फ्रेंचांनी इंग्रजांचं आरमार हरवलं. पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेला नौदलाचा हा एकमेव विजय. पण त्याच वर्षी डिसेंबरात इंग्रजांनी बेट घेतलंच, तेही भारतातून नेलेल्या फौजा सोबत घेऊन. शरणागतीच्या अटींत त्यांनी फ्रेंचांना भाषा, धर्म, कायदे, चालीरीती ठेवू दिल्या. म्हणून १५८ वर्षं राज्य इंग्रजांचं, आणि आजही संसद इंग्रजीत, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये, घर क्रिओलमध्ये.

डोडोबद्दल सगळेच लिहितात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती तिथल्या ससाण्याची गोष्ट. १९७४ मध्ये जंगलात हे पक्षी फक्त चार उरले होते. कार्ल जोन्स नावाच्या माणसाने आणि स्थानिक सहकाऱ्यांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून, जंगलात सोडून ती जात वाचवली. गुलाबी कबुतरंही अशीच वाचली. ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या जंगलात शांत बसलात तर दोन्ही दिसू शकतात. डोडो गेला त्या बेटाने पुढच्यांना जाऊ दिलं नाही, याचं मला फार अप्रूप आहे.

खवय्या_सातारकर
कोणीच विचारलं नाही, तरी सांगतो. दालपुरी म्हणजे गुळाविना पुरणपोळी समजा. हरभऱ्याची डाळ शिजवून, कोरडी वाटून, मैद्याच्या पोळीत भरतात आणि इतकी पातळ लाटतात की हात दिसावा. कागदात दोन एकदम देतात, आत मोठ्या वालासारख्या शेंगदाण्यांची उसळ, टोमॅटोचं रुगाय आणि मिरचीचा ठेचा. सकाळी पावात गातो पिमां घालून खातात, म्हणजे हरभरा डाळीचे छोटे वडे. उन्हात आलुदा प्या. आपला फालुदाच, सब्जा घातलेला. चटणीला सातिनी म्हणतात, दारूबरोबरच्या चखण्याला गाजाक. गजक कुठून कुठे गेली बघा!

सौदामिनी
@खवय्या, शेंगदाणे नव्हेत हो, मोठे पांढरे घेवड्याचे दाणे. ग्रो प्वा म्हणतात. बाकी वर्णनाला शंभर गुण.

खवय्या_सातारकर
चूक मान्य. दुरुस्तीच्या बदल्यात पाककृती टाका.

रेवदंडेकर
आम्हाला तर फ्लिक आं फ्लाकच आवडलं. निवृत्तीनंतर समुद्र सोडून आत गावात कशाला राहायचं? पश्चिम किनाऱ्यावर पाऊस कमी, समोर प्रवाळाची भिंत, त्यामुळे पाणी तळ्यासारखं शांत. रोज पोहणं होतं.

सौदामिनी
उन्हाळ्यात किनारा तापतो, भाडंही परदेशी लोकांच्या हिशेबाने लावलेलं. मधल्या पठारावर हवा गार. त्यातही क्युरपिप फार गार, सतत धुकं आणि पाऊस, तिथे आमच्या मैत्रिणीच्या पुस्तकांना बुरशी यायची. कात्र बोर्न, रोझ हिल, मोका ही अधली-मधली गावं. पहिल्या दोन गावांतून मेट्रोने पोर्ट लुईला जाता येतं, ती लार्सन अँड टुब्रोने बांधली आहे. संध्याकाळनंतर बस विरळ होतात, गाडी नसेल तर हे फार जाणवतं. आणि घर बघताना छतावर पाण्याची टाकी आहे ना, ते पाहा. कोरड्या महिन्यांत नळाला ठरावीक वेळच पाणी येतं. आम्ही पहिलं घर टाकी न बघता घेतलं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर बादल्यांवर काढला.

डॉ_वहिनी
आरोग्याबद्दल कोणी लिहिलं नाही. तिथे सरकारी दवाखान्यांत नागरिकांना उपचार मोफत आहेत. बाहेरच्यांनी विम्यावर विसंबावं, आणि तो विमा साठीनंतर सहज मिळत नाही. जाण्याआधी लेखी घ्या की आधीपासून असलेल्या आजाराला तो लागू आहे का. माझ्या मावसदिरांना तिथल्या एका खाजगी रुग्णालयात दाखल करताना आधी मोठी अनामत भरावी लागली, विम्याचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. उपचार चांगले झाले, पण ती रात्र वाईट गेली.

दुसरं, मॉरिशसमध्ये मधुमेहाचं प्रमाण जगातल्या वरच्या देशांत मोडतं, प्रौढांमध्ये साधारण पाचांत एक. मैदा, साखर, पाव. खवय्यांनी रागावू नये.

खवय्या_सातारकर
रागावलो नाही वहिनी. दोनच खातो.

मीरा_मोका
नमस्कार. मी मॉरिशसची आहे. माझं मराठी शाळेत शिकलेलं आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. हा धागा मला पुण्यातल्या मैत्रिणीने पाठवला.

अनुराधाताई, तुम्ही पाहिलं ते विसर्जन दीड दिवसाचं होतं. इथे गणेश चतुर्थीची राष्ट्रीय सुट्टी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी असते, कारण आमच्या घरांत गणपती दीड दिवस बसतो आणि विसर्जनाला सगळा गाव लागतो. ही पद्धत कोकणातून आली. आमचे लोक मुंबई बंदरातून आले, बरेचसे रत्नागिरीकडचे. ऊसमळ्यांत कामाला पाच वर्षांच्या करारावर.

पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे. २ नोव्हेंबर १८३४ ला ॲटलस जहाजातून ३६ मजूर आले, तिथून कराराने मजूर आणण्याची ही पद्धत सुरू झाली, पुढे साडेचार लाखांहून जास्त लोक आले. घाटाच्या १६ पायऱ्या आहेत. त्या चढून आलेला माणूस दोन रात्री तिथे थांबायचा, मग मळ्यावर. २००६ पासून ही जागा युनेस्कोच्या यादीत आहे. फार लहान जागा आहे, पर्यटक दहा मिनिटांत बघून जातात. तुम्ही पायऱ्यांपाशी थोडं थांबा.

मोक्याला महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जुन्या नोंदवह्या ठेवल्या आहेत. माणसाचं नाव, बापाचं नाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण, जहाज, जिल्हा. माझ्या खापरपणजोबांची नोंद मला तिथे मिळाली. कारकुनाने एकच नाव लिहिलं, तेच पुढे आमचं आडनाव झालं. म्हणून इथल्या मराठी लोकांची आडनावं तुम्हाला पाळण्यातल्या नावांसारखी वाटतात. खूण लिहिली आहे: डाव्या गुडघ्यावर व्रण. गावाचं नाव इंग्रजीत इतकं मोडलंय की लागत नाही. जिल्हा रत्नागिरी आहे.

आमची आजी क्रिओल बोलायची, पण पीठ मळताना, देवापुढे आणि रागावल्यावर मराठी. आमच्याकडे झाकरी नाचतात, गोल रिंगण करून, पायात घुंगरू.

रेवदंडेकर
झाकरी म्हणजे आपली जाखडी! बाल्या नाच! अंगावर काटा आला.

दर्यावर्दी
मीराताई, गावाचं इंग्रजी स्पेलिंग कसं लिहिलंय ते देवनागरीत अक्षर-अक्षर लिहा. इथे रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बरीच मंडळी आहेत, तालुका कळला तर वाडीपर्यंत पोचवू.

पुस्तकी_किडा
म्हणूनच मॉरिशसला लोक छोटा भारत म्हणतात!

मीरा_मोका
सगळे पाहुणे प्रेमाने म्हणतात, पण मला ते नाव आवडत नाही. दक्षिण-पश्चिमेला ल मॉर्नचा डोंगर आहे. मळ्यांतून पळालेले आफ्रिकी गुलाम त्या कड्यावर लपायचे. आमच्याकडे सांगतात की १८३५ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा ती बातमी द्यायला शिपाई वर निघाले, पकडायला आलेत असं वाटून लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या. आमचे लोक यायला लागले ते गुलामांच्या जागी मजूर हवे होते म्हणून. १ फेब्रुवारीला त्यांची सुट्टी असते, २ नोव्हेंबरला आमची, आणि दोन्ही दिवस सगळ्या देशाचे. माझी जिवलग मैत्रीण क्रिओल, म्हणजे त्या गुलामांच्या वंशातली आहे, शेजारी चिनी दुकानदार, समोर मशीद. मोदक चारही घरांत जातात. छोटा भारत म्हटलं की यातले तिघे कुठे जातात?

उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे ढीग दिसतात ना, देवळाएवढे? ज्वालामुखीची जमीन, दगड वेचल्याशिवाय ऊस लागत नव्हता. ते आधी गुलामांनी वेचले, मग आमच्या माणसांनी. कोणता दगड कोणी उचलला, सांगता येत नाही.

पुस्तकी_किडा
तुमचं म्हणणं पटलं. ते दोन शब्द मी मागे घेतो.

निवृत्त_बँकर
मीराताई, प्रतिसाद दोनदा वाचला. धन्यवाद.
अनुराधाताईंसाठी थोडं किरकोळ: वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, गाड्या डाव्या बाजूने, चलन त्यांचा रुपया. फेब्रुवारी २०२४ पासून रुपे आणि यूपीआय तिथे सुरू झालंय. प्लग चौकोनी तीन पिनांचे ब्रिटिश पद्धतीचे किंवा दोन गोल पिनांचे, ॲडॉप्टर न्या. पोर्ट लुईला ब्ल्यू पेनी संग्रहालयात १८४७ ची दोन जगप्रसिद्ध टपाल तिकिटं आहेत. शाई उडू नये म्हणून मूळ तिकिटांवर तासातून थोडाच वेळ दिवा लावतात, ती वेळ विचारून जा.

सौदामिनी
राहायला जाणार असाल तर क्रिओल शिका. हिंदीवर काम निघतं, पण भाजीवालीला "बोंझूर, की मानियेर?" म्हटलं की तिचा चेहरा बदलतो. "कोम्ये सा?" म्हणजे हे केवढ्याला. मी पहिलं वर्ष इंग्रजीत बोलून काढलं, त्या वर्षात एकही मैत्रीण झाली नाही. दुसऱ्या वर्षी तोडकंमोडकं बोलायला लागले आणि लग्नाची आमंत्रणं यायला लागली.

अनुराधा_चिपळूण
सगळ्यांचे मनापासून आभार. ह्यांची वही संपत आली.

आमचं ठरलं ते असं. परवान्याचा अर्ज इतक्यात करायचा नाही. आधी कात्र बोर्नला भाड्याने घर घेऊन जानेवारी-फेब्रुवारी काढायचे. मुद्दाम वादळाचे, उन्हाचे दिवस निवडलेत, कारण ऑगस्टातलं मॉरिशस कुणालाही आवडेल. विमा आधी, तिकीट नंतर. टाकी बघणार. ह्यांची साखर काठावर आहे, त्यामुळे दालपुरी आठवड्यातून एकदा.

मीराताई, त्या आजींनी क्रिओलमध्ये काय विचारलं असेल? "रेस्त" असा काहीतरी शब्द होता.

मीरा_मोका
"तो पे रेस्ते?" असं म्हणाल्या असतील. म्हणजे, तू थांबतेयस का?

ताई, महाशिवरात्र फेब्रुवारीत आली तर आमच्याबरोबर गंगा तलावाला चाला. पांढरे कपडे घालून, खांद्यावर कावड घेऊन लोक बेटाच्या टोकाटोकांवरून चालत येतात. रात्री रस्त्यावर कोणीही पाणी, सरबत, फळं हातात देतं. पाय दुखले तर वाटेत आमचं घर आहे.

दर्यावर्दी दादा, नोंदवहीत गावाचं नाव असं लिहिलं आहे: क-ऊ-र-ल-आ. आणि त्याच्या आधी एक अक्षर शाईने पुसलेलं आहे.

दर्यावर्दी
कुरला नव्हे हे, रत्नागिरी जिल्ह्यात ते बसत नाही. पुसलेलं अक्षर धरून बघायला हवं. त्या पानाचा फोटो काढून टाका. गावावरून मुद्दाम दोघा जाणत्यांना विचारतो, आणि उत्तर याच धाग्यावर लिहितो.